सात नंबरचं रोप

३ जून. पूजा आटोपून.
लाल गुलाबावर यांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने पांढऱ्याचे पराग लावले होते. त्या बियांची बारा रोपं आज गच्चीत उभी आहेत. नर्सरीवाले म्हणाले, भरगच्च पाकळ्यांचा आणि पानांवर काळे डाग न पडणारा गुलाब निघाला, तर कलमं विकू आणि तुमचंच नाव देऊ. अहंकार करायचा नाही, असा आतापासूनच निश्चय.

११ जून.
बहिणीची मुलगी लॅबमध्ये झाडांचा डीएनए तपासते. प्रत्येक रोपाचं नखाएवढं पान घेऊन गेली. फूल यायच्या आधीच कळतं म्हणे, कोणतं कसं निघणार. मी मॅट्रिक, चटकन समजलं. उरलेलं विचारलं नाही.

२५ जून.
रिपोर्ट आला. सात नंबर ठेव, बाकी काढून टाक. सात म्हणजे सगळ्यांत किडकिडं. चार नंबर केवढं तरतरीत. शेवटी फुकटची तपासणी, फुकटात एवढंच यायचं.

२६ जून.
देवापुढे बारा चिठ्ठ्या टाकल्या. पहिली नऊची. मन एकाग्र नव्हतं. मग दोनची. तिसऱ्यांदा चार. कौल स्पष्ट आहे. हे म्हणाले, चार येईपर्यंत टाकणारच होतीस ना. पेपर वाचता वाचता बोलतात, लक्ष देऊ नये.

२ जुलै.
सगळं खत चार नंबरला. टाकवत नाहीत म्हणून बाकीची रोपं वाटली. सात खालच्या मजल्यावर धाकट्या जावेला. दान मनापासून द्यावं. तडकलेली कुंडीसुद्धा परत मागितली नाही.

१९ ऑक्टोबर.
चार फुललं. पाकळ्या पाच. पहिलं फूल लाजतं.

४ नोव्हेंबर.
आणखी तीन फुलं. लाजाळूच जात दिसते. पानांवर डाग, पण मोजके.

१२ नोव्हेंबर.
नर्सरीवाले आले, पण गच्चीपर्यंत पोचलेच नाहीत. जावेच्या खिडकीशीच थबकले. सात नंबर. वाटीएवढं फूल, पाकळ्यांची नुसती दाटी, पानं स्वच्छ. त्याला जावेचं नाव देणार. ती वर येऊन म्हणाली, "जाऊबाई, तुम्हीच दिलेलं रोप. एखादं कलम देऊ का?" म्हटलं, जागा नाही.

संध्याकाळी भाचीचा फोन. सात फुललं का? हो म्हटलं. नाव काय दिलं? जावेचं सांगितलं.
"मावशी, केवढं मोठं मन गं तुझं."
मी काही तिचं म्हणणं खोडून काढलं नाही.