सभेतलं मौन

पेनसिल्व्हेनिया, १७४२

बाबा,

डोंगरातल्या परपंथीयाशी लग्न केलं म्हणून क्वेकरांच्या सभेने मला वाळीत टाकलं, आणि तो निरोप घेऊन तूच आलास. “सभेत उभी राहून ‘चुकले’ म्हण, की परत घेऊ,” म्हणालास.

सासरची माणसं आयर्लंडमधल्या अल्स्टरहून बंदुका आणि नाचाला वाजवायचं फिडल घेऊन आली. तुम्ही इंग्लंडहून मौन आणलंत. सासू चिडवते, “सूनबाई, प्रार्थनेला तासभर गप्प बसता म्हणे? आमची मढीसुद्धा तुमच्यापेक्षा बोलकी गं!” मीही हसते. पण सगळी माणसं सारखीच, म्हणून न्यायाधीशाला अजून ‘तू’ म्हणते, पाद्र्यापुढे मान लववत नाही. मी क्वेकरच आहे.

पुढच्या सभेला येतेय. हे पत्र पाठवत नाही, नाहीतर ‘येऊ नकोस’ म्हणशील.

आईशेजारी माझ्या बाकावर बसेन. आतून शब्द आल्याशिवाय सभेत तोंड उघडायचं नाही, हे तूच शिकवलंस. ‘चुकले’ हा शब्द मी महिनाभर आत शोधला. तो आला नाही. येईपर्यंत मी गप्प बसेन, आणि तुम्हालाही माझ्यासोबत गप्प बसावं लागेल.

वाळीत टाकलेली, तरी तुमच्यातलीच,
फीबी