पोटात पेज असताना

मॅडम, काका बरे आहेत. काल त्यांना घरी सोडलं. हे आधी सांगून टाकते, कारण पाल्हाळ तुम्हाला कधी खपला नाही. मण्यार चावली होती. तुम्ही गेल्यापासून ते पडवीत जमिनीवरच झोपतात, तुम्हा दोघांची खाट आता नकोच म्हणतात. चावली त्या सकाळी शेजारणीने रिक्षात घालून आणलं तेव्हा पापण्या मिटत होत्या, मान धरत नव्हती, तोंडात लाळ साचली होती, श्वास जेमतेम चालू होता. तरी मी पहिला प्रश्न तुमचाच विचारला, "पोटात काय आसा?" शेजारीण म्हणाली, "पेज पाजलंय गो बाय, उपाशी कशे न्हेवचे?" आपल्याकडे माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी पेज पाजल्याशिवाय दवाखान्यात आणत नाहीत. यावरून तुम्ही किती चिडायचात!

मला तुमचं ऑपरेशन थिएटर आठवलं. मी नवीकोरी डॉक्टर, तुम्ही भूल देणाऱ्या, सगळं हॉस्पिटल तुम्हाला टरकून. तुम्ही मला मास्क धरायला शिकवताय: तीन बोटं जबड्याखाली, जबडा वर उचलायचा, मास्क खाली दाबायचा नाही. माझा डोळा मात्र श्वासनलिकेत घालायच्या नळीवर. तुम्ही हातावर चापट मारता. "नळी खंय पळान जाता? आधी हवा घाल!" पुढे मी मुंबईहून घशात बसणारा मऊ मास्क शिकून आले. आत काही दिसो न दिसो, सरकवला की श्वासनलिकेच्या तोंडावर बसतो. तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "ह्या सैल बूच. पोटातली पेज वर इली तर फुफ्फुसात जातली. पेज पियालेल्याक फकत नळी." आपण चहा निवेपर्यंत भांडलो. तुम्ही हटला नाहीत, मीही नाही. निवृत्त होताना मात्र तुमचा घशात बघायचा दिवा तुम्ही मलाच दिलात.

तोच दिवा घेऊन मी काकांच्या उशाशी उभी राहिले. झोपेचं औषध दिलं, जीभ बाजूला केली, आणि पेज वर आली. ओढून काढली, पुन्हा बघितलं, पुन्हा पेज. नळी जाईना. तोंडावरचा मास्क धरला तर कवळी घरी राहिलेली, गाल आत गेलेले, सगळी हवा बाजूने निसटतेय. मॉनिटरवरचा ऑक्सिजन झरझर उतरतोय. तुमचे यजमान माझ्या हातून जाणार असं वाटलं. घसा पुन्हा साफ केला आणि मऊ मास्क सरकवला. छाती वर आली. ऑक्सिजन चढला. मग सावकाश, कॅमेऱ्याने बघत, त्याच मास्कमधून नळी आत घातली आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. तुमचा एक नियम मोडला तो दुसरा, 'आधी हवा घाल', पाळायला, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा मोडेन.

नळी काढल्यावर आवाज फुटला तसं काकांनी माझं मनगट धरलं. "तिना शिकवल्यासारख्याच केलंस मां?" मी "होय" म्हटलं. "माका ठावक होता. तिनाच वाचवल्यान माका," म्हणून म्हातारा ढसाढसा रडला. मीही रडले, मॅडम.

हे पत्र टाकायचं तर पत्ता एकच, तुमच्या घरचा, आणि तिथे पाकीट फोडणार काकाच. म्हणून ते माझ्याकडेच राहील. काका तुम्ही नाकारलेल्या त्या सैल बुचानेच वाचले, हे मी त्यांना कधीच सांगणार नाही.