वॉटरप्रूफ बूट आणि करडईचं तेल

२ जून
पहाटे हिप्परग्याच्या तलावापर्यंत पळून परत. मैत्रीण शैला सोबत. उकाडा अजून हटत नाही, मोजे पिळून काढावे लागले. तरी छान वाटलं. गेल्या दिवाळीत पायाचा अंगठा कापावा लागतोय की काय अशी वेळ होती. बुटात सराट्याचा काटा, मी दिवसभर शाळेत वर्ग घेत हिंडले, आणि पायाला पत्ता नाही. शुगरने तळव्याची जाणीव गुपचूप पळवली. डॉ.बाईंनी अंगठा वाचवला. मोजे चढवताना रोज मनातल्या मनात त्यांचे आभार मानते.

५ जून
डॉ.बाईंकडे. साताऱ्याकडे ऑगस्टात डोंगरातली पन्नास कि.मी.ची शर्यत आहे, पळू का? विचारलं एकदाचं. वाटलं, हाकलून देतील.
"पळा. पळण्यामुळेच शुगर ताळ्यावर आलीय तुमची. पण पाय कोरडे हवेत. भिजलेली कातडी फाटते, आणि फाटलेली तुम्हाला कळणार नाही. पुन्हा जखम झाली तर पळणं कायमचं बंद."
ऑगस्टात, सह्याद्रीत, कोरडे पाय! पण पळा म्हणाल्या. रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि नजर वळवली. भला माणूस.

८ जून
नवी पेठ, बुटांची दुकानं पालथी घातली. "वॉटरप्रूफ? मॅडम, गमबूट दाखवू का?" महेश हसून हसून बेजार. खरेदीला नवऱ्याला नेऊ नये हेच खरं.
एका दुकानदाराने मात्र सरळ सांगितलं, तसला माल सोलापुरात ठेवून कुणाला विकू, ऑनलाइन मागवा. पाय संध्याकाळी मापा, सुजलेला असतो, आणि एक नंबर मोठा घ्या. गिऱ्हाईक हातचं घालवून सल्ला दिला बिचाऱ्याने. त्याच्याकडून मोजे तरी घेतले.

११ जून
शैलाकडे चहा आणि मोबाइलवर बूटच बूट. डोकं भणभणलं. खोल दात्यांचा तळ की उथळ? आपल्या काळ्या मातीत खोल दाते म्हणजे पायाला ढेकळं बांधून पळणं. पण शर्यत तिकडे, ओल्या कातळावर. म्हणून खोल. आत पातळ पडदा असतो म्हणे, पाणी आत येऊ देत नाही आणि घाम बाहेर सोडतो. असं खरंच असतं का? शैला म्हणाली, "आता घे गं बाई, लग्नाला स्थळ बघताना एवढं बघितलं नव्हतंस."
घेतले. निळे.

१४ जून, शनि.
बूट आले आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, दारातच अडवले. "शनिवारी पायताण घरात घेत न्हाईत, येवढं बी ठाव न्हाय व्हय?" खोकं पायरीवर. मी दर थोड्या वेळाने दार उघडून बघतेय, कुत्र्याने नेलं तर?

१६ जून
शाळेतून आले, तर घरभर तेलाचा वास. करडईचं! आत्यांनी दोन्ही बूट आतून-बाहेरून तेलाने चोळून गच्चीत उन्हात मांडलेले.
"आमच्या वहाणांना असंच त्याल द्यायचो की. कातडं मऊ पडतंय, पानी शिवत न्हाय. तुझ्या पायाला जपायचं म्हणून लई पाजलंय."
बूट कातड्याचे नाहीत हो आत्या. आतला तो पडदा आता श्वास कुठून घेणार... ओरडायलाच तोंड उघडलं होतं. मग त्यांचे कोपरापर्यंत तेलकट हात दिसले. सत्तरीची बाई, सोलापूरचं ऊन, माझे बूट. "छान झालेत," म्हणाले.
नंतर मोरीत भांड्यांच्या साबणाने गुपचूप धुतले. तेल निघेना. हसू यायला लागलं.

२९ जून
मोहोळला माहेरी. रात्रभर पाऊस झालेला, दादाच्या रानातून ओढ्यापर्यंत पळाले. बूट घालूनच ओढ्यात शिरले. तळातून थेंब आला नाही, खरंय. पण पाणी वरून घुसलं आणि आतच बसलं. वॉटरप्रूफ ना, बाहेर कसं जाणार!
बांधावरून दादा: "बादल्या घालून पळती व्हय गं?"
बूट काढले तर तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले. म्हणजे तेल लावलं नसतं तरी हेच झालं असतं. आत्या निर्दोष. आणि हे इथे, दादाच्या बांधावर कळलं, डोंगरात नाही. केवढे उपकार त्या ओढ्याचे.

८ जुलै
जुने जाळीचे बूट घालून परवा परत तोच ओढा. पाणी आलं तसं थोडं पळताच निघूनही गेलं. डॉ.बाईंना सांगितलं.
"मग जाळीचेच घाला. कोरडे मोजे बदलत राहा. पण अर्ध्या वाटेवर कुणीतरी तळवे नीट तपासायचे, लाल डाग दिसला तरी थांबायचं. तुम्ही नाही तपासायचे. तुम्ही स्वतःशी खोटं बोलाल."
ओळखून आहेत मला.
पण कोण? शैला स्वतः पळणार. महेशला रक्त बघून घेरी येते.

९ जुलै
आत्या म्हणाल्या, "मी बघती."
नको म्हणाले. सणावाराला मी वाकते त्यांच्या पायाशी, आणि त्यांनी माझे पाय धरायचे? पाप लागेल, असं माझ्याच तोंडून निघालं. भूगोल शिकवणारी बाई मी.
"दिवाळीत तुझा पाय कुजत हुता तवा मी ह्याच घरात हुते. कुनी बघितला? आता बघू दे मला."
बरं म्हणाले.

१३ जुलै
पळून आले. मी खुर्चीवर, आत्या खाली पाटावर, चष्मा लावून. पाय मांडीवर घेतला. कसंनुसं झालं, ओढून घेणार होते, त्यांनी घोटा घट्ट धरला.
"हितं कळतंय?" नाही. "हितं?" नाही. "आन् हितं?" हो!
अशा हसल्या, जणू मी लहान मुलगी. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना माहीत, सुनेच्या टाचेला कळतंय म्हणून. नशीब काढलंय मी.

१० ऑगस्ट
गाडीत बसून लिहितेय. काचेवर पाऊस, डोंगर दिसतच नाही. शैला बाहेर उड्या मारतेय. शर्यतीसाठी उभं राहायची हाक अजून आलेली नाही.
घाटात आत्यांना गाडी लागली, उलट्या झाल्या, तरी परत चला म्हणाल्या नाहीत. महेश त्यांना अर्ध्या वाटेवरच्या गावात घेऊन जाईल. स्टूल, पंचा, मोजे, सगळं त्यांच्याच पिशवीत. माझ्या पायांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा हुकूम.
घरून निघताना म्हणाल्या, "मी थांब म्हटलं तर भांडायचं न्हाय. रडलीस तरी बूट देणार न्हाय." कबूल केलं. मनापासून केलं.
इतकं जपणारं माणूस घरातच होतं. पळायला पाय आहेत. आणखी काय हवं? हवं आहे, पन्नास पुरे करायचे आहेत, कशाला खोटं बोलू.
देवाला एवढंच सांगितलं: आत्यांची नजर चांगली राहू दे, आणि त्या नजरेला काही सापडू नये.