मलिद्याचे पोहे मी भिजत घातले त्याची हकीकत

न्यू पनवेल

प्रिय आदिनाताई,

शालोम. तुझे गुडघे, भाऊजींचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या इस्राएलातल्या अश्दोदचा उन्हाळा, तिन्ही काबूत असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. (हे सवयीने लिहिलं. कितपत ठीक, ते पुढे येईलच.) तू म्हणशील, रोज व्हिडिओ कॉल होतो, मग हा बाबा कागद का खराब करतोय? अगं, फोनवर एलिशेबा शेजारी असते आणि माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती करते. खरी आनंदाची बातमी हीच आहे, पण क्रमाने सांगतो.

नोगाकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा लेकीच्या परसात ही गवतावर बसली आणि हिला गोचीड चावली. आता गोचीड म्हशीला होते. पासपोर्टवाल्या बाईला चावते हे पनवेलमध्ये कुणाला पटेना. इथे आल्यावर ताप, सांधे, आणि थकवा असा की वेणी घालताना हात अर्ध्यातून खाली यायचे. डेंग्यू म्हणून झालं, चिकनगुनिया म्हणून झालं, एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हटलं (ते ऐकून मी घेतलं). शेवटी नोगाने हट्टाने तपासणी करायला लावली तेव्हा लाइम निघालं, त्या गोचिडीचाच आजार. औषधांचा कोर्स झाला, पण थकवा काही जागा सोडेना. समोरच्या शशिकलाबाई येऊन म्हणायच्या, बरी तर दिसतेस की! ही हसायची, आणि दार लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायची.

सेवेत मी कमी पडलो नाही, जास्तच झालो. तिला कुणी काही विचारलं की उत्तर मी द्यायचो. तिने नारळ खवू नये म्हणून खवणी माळ्यावर टाकली. ती बाल्कनीपर्यंत चालत गेली की टाळ्या वाजवायचो. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आयझॅक, मी आजारी आहे. तान्ही नाही." मी बरं म्हटलं, खाली जाऊन गाडीत बसलो, काचा वर केल्या आणि भरपूर रडून घेतलं. शशिकलाबाईंनी वरून पाहिलं. त्यांना वाटलं गाडी सुरू होत नाही म्हणून हा टेकीला आलाय. त्यांनी सोसायटीतली चार माणसं गोळा केली. खरं काय सांगणार, कपाळ? निमूट स्टिअरिंग धरलं. त्यांनी गेटपर्यंत ढकलत नेली, तिथे मी चावी फिरवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कशा लागतात ते तेव्हा मला कळलं.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. मी आपल्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नवस बोललो होतो, ही पुन्हा पूर्वीसारखी माझ्यावर ओरडली तर मंडळींना बोलावून नारळ-पोह्यांचा मलिदा करीन. पण ही ओरडेचना. जेवण करपलं, "ठीक आहे." गिझर चालू राहिला, "ठीक आहे." त्या ठीक आहेची मला धास्ती बसली. म्हटलं, नवस आगाऊच फेडून टाकू, हन्नबी समजून घेईल. सिनेगॉगमधल्या मंडळींना बोलावलं आणि हिला म्हटलं, तू फक्त बसून राहा. आता मलिद्याचे पोहे नुसते धुवून निथळायचे, हे आपल्यात पोरांनाही ठाऊक. मी ते सकाळीच पातेलंभर पाण्यात भिजत घातले आणि खजूर आणायला बाजारात गेलो. आलो तो पातेल्यात पोस्टरं चिकटवायची खळ. मंडळी जिन्यात.

एवढ्यात ही पाणी प्यायला आली आणि तिने पातेल्यात पाहिलं. मग तोंडाचा जो पट्टा सुटला, ताई! माझी अक्कल, माझा जन्म, आईने मला लावलेलं वळण (त्यात तूही आलीस). मी टेबलाला टेकून नुसता ऐकत होतो. इतकं गोड मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तिने शशिकलाबाईंकडून नवे पोहे मागवले, मला माळ्यावरून खवणी काढायला लावली, पदर खोचला आणि नारळ खवायला बसली. मी म्हटलं, दमशील.

"दमेन," ती म्हणाली. "मग झोपेन. तू सरक."

सरकलो. प्रार्थनेला तिचा आवाज सगळ्यांच्या वर. दुसरा अख्खा दिवस ती झोपून होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, उत्तरं दिली नाहीत, शेजारी बसून राहिलो. संध्याकाळी उठली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली की हे भांडी धुतलेलं पाणी आहे. जिंकलो, ताई! वाईट दिवस अजून येतात, पण आता त्यांना आम्ही वाईटच म्हणतो.

भाऊजींना शालोम.

तुझा धाकटा,
आयझॅक

ता. क. काही लागलं तर सांग, असं तू नेहमी म्हणतेस. लागतंय. थोडे दिवस ये. हिच्यासाठी नको, माझ्यासाठी ये. हिची तब्येत सगळे विचारतात. मलाही कुणासमोर तरी, गाडी न ढकलता, रडायचं आहे. हिला सांगू नकोस.

ता. क. २. आदिनाताई, पत्र वाचलं. या, जरूर या, पण सल्ले अश्दोदलाच ठेवून या. रडायला याला गाडी कशाला लागते, मी काय मेले होते? तेही आता सांगून झालं आहे, मोठ्याने. हे पत्र पोस्टात टाकायला मी स्वतः चालत निघाले आहे. हा मागून गाडी घेऊन येतोच आहे.
— एलिशेबा