लेप पाठवलेला नाही

घिवली,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चंद्रकांता हिस,
सुलूवहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे. वैष्णवीचं कॉलेज सुरू आहे. रोज पालघरला जाते-येते आणि घरी आली की मला शहाणपण शिकवते. तू, भावेशराव, स्वरा कसे आहात हे विचारायचा हक्क मी दोन वर्षांत घालवला आहे, तरी विचारते.

वहिनी हातानं पत्र लिहायला बसली म्हणजे एक तर कुणाचं लग्न ठरलं, नाहीतर तिचा फोन बिघडला, असं तुला वाटेल. दोन्ही नाही. तोंडानं बोलायला गेले की मी विषय बदलते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. कागदावर विषय बदलला तर खोडावं लागतं, आणि खोडलेलं दिसतं. आधीचे दोन कागद चुलीत गेले, हा तिसरा.

तुझ्या दादांच्या हाती पिशवी दिली आहे. त्यात दिवाळीचं उटणं आहे, यंदा नागरमोथा जरा जास्त घातलाय. शिकेकाई आहे, स्वराच्या केसांना माक्याचं तेल आहे. भावेशरावांच्या टाचांसाठी कोकमाचं तेल दिलंय, थिजलं असेल तर कोमट करून लाव. दिवसभर दुकानात उभं राहून त्यांच्या टाचा म्हणजे उन्हाळ्यातलं शेत.

तू मागितलेला लेप मात्र पिशवीत शोधू नकोस. तो पाठवलेला नाही.

मंगळवारी फोनवर तुझा आवाज आला, तो रेकॉर्ड करून पाठवलेला. "वहिनी, डाव्या बाजूला छातीत गाठ लागते. सुपारीएवढी. दुखत नाय. ह्यांना बोलले नाय, तूपण कुणाला सांगू नको. आईला लावायचीस तो लेप पाठव. आईनं लपवून ठेवला म्हणून उशीर झाला, मी वेळेवर लावते." मी ते सात वेळा ऐकलं. मग तुझे दोन फोन आले, ते उचलले नाहीत. तुला वाटलं असेल, वहिनी अजून तशीच, दगड.

तुझं म्हणणं पटलं असतं गं, आईंनी खरंच लपवलं असतं तर.

आईंनी काही लपवलं नव्हतं, चंद्रकांता. ते दुखणं सगळ्यांना सांगितलं तसं पंधरा दिवसांचं नव्हतं. आठ महिन्यांचं होतं, आणि पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यांना न्हाऊ घालत होते. पाठ चोळून झाली तशी त्यांनी माझा हात धरून काखेपाशी नेला. "बग गो, काय लागतंय?" म्हणाल्या. लागत होतं. मी म्हटलं, गळू असेल, लेप लावू. आईही म्हणाल्या, बरं. त्यांनीच शिकवलेला लेप, त्या का नाही म्हणतील?

तुझी आई म्हणजे आख्ख्या गावाचं औषधपाणी. बाळाच्या गुटीपासून म्हाताऱ्याच्या गुडघ्यापर्यंत लोक त्यांनाच विचारायचे. आमच्या बचत गटानं तेल-उटण्याचा धंदा सुरू केला तेव्हा डब्यावर त्यांचाच फोटो छापला, हिरवं लुगडं नेसलेला. खाली 'साखरबाईंचा हातगुण', आणि त्याखाली लाल अक्षरांत 'केमिकल नाही'. बोईसरच्या कॉलनीतल्या बायका तो डबा बघून डोळे मिटून विकत घ्यायच्या.

आणि केमिकल म्हटलं की आपल्याकडे काय वाटतं ते तुला सांगायला नको. बोईसरच्या कंपनीतून दादा आले की त्यांचे कपडे मी आजही वेगळ्या बादलीत भिजवते. त्यांच्या हातांवर चट्टे आले होते तेव्हा मलमानं गेले नाहीत, आईंच्या कडुलिंबाच्या पाण्यानं गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, झाडावरचं ते सगळं चांगलं आणि बाटलीतलं ते सगळं वाईट. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी. शिकेकाई केसांना चांगली, ती आजही चांगलीच आहे. पण छातीतली गाठ म्हणजे केसातला कोंडा नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं.

संक्रांतीला आई पहिल्यांदा म्हणाल्या, "सुलू, ही वाढते गो. पालघरला डॉक्टरला दाखवायची का?" मी काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. म्हटलं, "आई, तिथं कापतात, आणि वर केमिकलच टोचतात. तुमाला माझ्या हातावर भरोसा नाय का?" सुनेनं असं विचारल्यावर कुठली सासू नाही म्हणेल?

दुसऱ्यांदा होळीच्या आधी. मी पडवीत डबे मोजत होते. पालघरच्या प्रदर्शनात आमच्या गटाला गाळा मिळाला होता, चार दिवस राहिले होते. आई आतून आल्या. तू दिलेलं जांभळं पातळ नेसल्या होत्या, केस विंचरलेले, हातात रुमाल. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलाव ना गो. एकदा जाऊन येऊ. मग तुजाच लेप लावीन." मी वरही बघितलं नाही. म्हटलं, प्रदर्शन होऊ दे आई, मग बघू. त्या पंधरा-वीस मिनिटं तशाच बसल्या. मग आत जाऊन पातळ सोडलं, घडी घातली, ट्रंकेत ठेवलं.

प्रदर्शन होतं म्हणून नव्हतं ते, चंद्रकांता. ते निमित्त. कागद संपत आलाय आणि मी अजून आडवळणानंच जातेय. खरं हे आहे, की ज्या बाईचा फोटो आपल्या डब्यावर, ती दवाखान्याच्या रांगेत बसलेली लोकांनी पाहिली तर काय म्हणतील, याची मला लाज वाटली. पालघरला आपल्या गावचं कुणी ना कुणी भेटतंच. त्या लाजेपायी मी तुझ्या आईला ओट्यावरून परत आत पाठवलं. हे मी आजवर कुणाला, देवापुढेही, बोलले नव्हते.

मग गाठीवरची कातडी लाल झाली, चकाकायला लागली. मी काय केलं असेल? खूश झाले. गळू पिकायला आलं की असंच दिसतं ना? ऑगस्टमध्ये फुटली तेव्हा मी देवीला नारळ फोडला आणि शेजारी साखर वाटली. आई साखर घेऊन बसल्या, खाल्ली नाही. चार दिवसांनी वास सुटला तेव्हा दादांना कळलं आणि ते त्यांना गाडीत घालून पालघरला घेऊन गेले. मीही गेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून आहे? माझं तोंड उघडायच्या आत आई बोलल्या, "पंधरा दिस झाले. मीच बोलले नाय कुणाला. पोरीला ठावक नाय." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पंधरा दिवसांत असं होत नाही हे त्यांना काय कळत नव्हतं? पण आई माझा हात धरून बसल्या होत्या, घट्ट. आणि मी गप्प राहिले. त्या दिवशी गप्प राहिले ती आजपर्यंत.

पुढचं तुला माहीत आहे. तू धावत आलीस, तेव्हा दुखणं हाताबाहेर गेलं होतं. बाकीची औषधं चालूच होती, आणि वासासाठी, मनाच्या समाधानासाठी कडेकडेनं मी लेप लावत होते, तो तू पाहिलास. थंड वाटायचं त्यांना. तेवढंच. तुला वाटलं, बरं वाटतंय, आधी लावला असता तर वाचली असती. आधी लावलाच होता गं. आठ महिने, रोज.

तेराव्याला सगळ्यांसमोर तू रडत म्हणालीस, "आईनं लपवला, आमाला परकं केलान. मी तिला कदी माफ नाय करणार." मी तिथंच भाताचं पातेलं घेऊन उभी होते. तेव्हा बोलले असते तर तू मला फाडून खाल्लं असतंस, पण आईवर तरी रागावून राहिली नसतीस. त्यानंतर तुला माहेरपणाला बोलावलं नाही. तुला वाटलं, सासू गेली तशी नणंद जड झाली. तू जड नव्हतीस. तुझी जिवणी आईंसारखी आहे, ती बघून जेवण कसं वाढायचं मी? एवढंच कारण होतं.

आता तू म्हणतेस, कुणाला सांगू नको. एक गोष्ट मी अशीच पोटात ठेवली होती आणि आपण माणूस घालवून बसलो. तुझी ठेवणार नाही. काल दादांना सगळं सांगितलं, तुझंही आणि आईंचंही. ते जेवायला बसले होते. ताटावरून उठले, हात धुतले, आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "आई माजी व्हती, सुलू. मला एका शब्दानं सांगितला नाय तू." त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. आज सकाळी मात्र स्वतःच कंपनीत फोन करून सोमवारची सुट्टी टाकली. हे पत्र वाचताना ते तुझ्यासमोर बसलेले असतील. त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांच्यापासून तोंड लपवू नकोस.

तुझी गाठ साधीही असेल. वैष्णवी म्हणते, पुष्कळ गाठी साध्याच निघतात. पण ते लेप लावून कळत नाही, तपासून कळतं.

तरी तू माझं ऐकशील याची मला खात्री नाही. आपण दोघी एकाच बाईच्या हाताखाली वाढलो. तू स्वतःच शेवगा सोलशील, कांदा भाजशील, काहीतरी जमवशील आणि आईंचं नाव घेऊन लावशील. म्हणून आता एक करते.

आपल्याकडे औषध देणारा ते कशाचं आहे हे सांगत नाही. सांगितलं की गुण जातो, आणि परत येत नाही. आईंनी मला शिकवलं ते माझ्या कानात, तेही दार लावून. तू लेक, परघरी जाणारी, म्हणून तुला नाही शिकवलं, आणि त्याचं तुला किती लागलं होतं तेही मला माहीत आहे. तुझा या गोष्टीवर विश्वास आहे. माझाही आहे, अजून. तर ऐक.

शेवग्याची साल, झाडाच्या उगवतीकडच्या बाजूची, रविवारी न बोलता काढलेली. आंबेहळद, सहाणेवर उगाळून. चुलीत भाजलेला पांढरा कांदा. एरंडाच्या पानावर पसरून बांधायचं, तीन दिवसांनी सोडायचं. बस, एवढंच. गळू पिकवायचा लेप आहे हा. आईंच्या आईनं त्यांना दिलेला, आणि गळवापलीकडे त्यानं काही बरं झाल्याचं आईंनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीच तो ओढून ताणून तिथवर नेला.

सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, लिहून दिलं. आता त्याचा गुण गेला, तुझ्यासाठीही, माझ्यासाठीही, आणि उद्या वैष्णवी मागेल तर तिच्यासाठीही. बांधलास तरी ती नुसती साल आणि कांदा. आता त्याच्या भरवशावर तुला एक दिवसही थांबता येणार नाही. आईंनी मला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू मी आज मोडली, पण वाईट वाटलं नाही.

भावेशरावांना आत्ताच हाक मार. दादांच्या समोर सांग, म्हणजे अर्धवट सांगणार नाहीस. सोमवारी सकाळी तिघं पालघरला जा. डॉक्टरीणबाईंनी किती दिवसांपासून म्हणून विचारलं की खरं सांग. जितके दिवस झाले तितकेच सांग. मला वाचवायला, भावेशरावांना वाचवायला, कुणालाही वाचवायला एक दिवससुद्धा कमी सांगू नकोस.

मी येत नाही. मी समोर आले तर तू माझ्यावर रागवायला बसशील, आणि सोमवार त्यात जाईल. राग नंतर काढ, वर्षभर काढ. दार लावून घेतलंस तरी मी ओट्यावर बसून राहीन. आईवरचा मात्र आजच सोड. तिनं तुला परकं केलं नव्हतं. तिला दवाखान्यात जायचं होतं, आणि मी तिला जाऊ दिलं नाही.

वहिनी म्हणायचं की नाही ते तू ठरव. आधी जा.

सुलू