अक्कलदाढ, बेस गिटार आणि ग्रंथालयाचा वर्धापनदिन

ती. मावशी,

तुला वाकून नमस्कार. सगळ्यात आधी तुझ्या खालच्या कवळीची खुशाली विचारतो, कारण तू माझी मावशी असलीस तरी पेशंटही आहेस. हलते का गं अजून? 'बटाटा' म्हटलं की तोंडात टाळी वाजते, असं तू फोनवर म्हणालीस (सांगायची गरज नव्हती, मला ऐकू आली). घाबरू नकोस, इकडे आलीस की जरासं घासून नीट बसवून देतो. गुडघा काय म्हणतो? जिना चढतेस की अजून लिफ्टवाल्याशी भांडतेस? आम्ही सगळे मजेत. मजेत कसले, मावशी, मी तर हवेत आहे! लिहितानाही पाय ठेका धरतोय, टेबल हलतंय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर गोड मानून घे.

माझा छंद तुला माहीत आहे, पण तू अजून माझ्या गिटारींना 'त्या लांबड्या सतारी' म्हणतेस, म्हणून एकदा नीट सांगतो. ती बेस गिटार. साध्या गिटारची थोरली बहीण म्हण. दांडा लांब, तारा जाडजूड आणि बहुधा चारच, आणि आवाज इतका खालचा की कानाच्या आधी पोटात कळतो. आता मी पडलो दाताचा डॉक्टर. दिवसभर त्या ड्रिलची किंकाळी कानाशी. संध्याकाळी जिवाला काहीतरी जाड, सावकाश, घुमणारं हवंसं वाटतं. कुणी दमून आल्यावर चहा घेतो, मी बेस घेतो. (घेतो म्हणजे विकत घेतो. गोची तिथेच आहे.) हॉलमध्ये सोफ्यामागे एक तपकिरी उभी आहे. झोपायच्या खोलीत पडद्याआड पांढरी. कपाटावर जी आडवी आहे तिच्या दांड्यावर सूर दाखवणाऱ्या पट्ट्याच नाहीत, बोट केसभर सरकलं की सूर परगावी. दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत एक बिनडोक्याची आहे, म्हणजे तिची घडणच तशी, पण एक आजोबा तोंडात फिल्म धरून तिच्याकडे बघत राहिले आणि नंतर म्हणाले, "डॉक्टर, पडली का हो ती?" शिवाय एक डावखुऱ्यांसाठीची. ती मी घाईघाईत घेतली, मला वाटलं फोटोच उलटा छापलाय. आता डावखुरी निघाली म्हणून घराबाहेर काढायची का? पोरांच्या बाबतीत आपण असं करतो का?

ही म्हणते, करावं. तुझी सून ग्रंथालयाची प्रमुख झाल्यापासून घरातही कमी शब्दांत बोलते, त्यामुळे तिचे शब्द फार लागतात. पाच तारांची निळी आली त्या दिवशी ती म्हणाली, "आता आणखी एक जरी आली, तर घरातलं एक माणूस जाईल." मी विचारलं, "कोणतं?" त्यानंतर दोन दिवस मला आमटीत मीठ आहे की नाही हे विचारायलाही कुणी नव्हतं. तिचं आणखी एक म्हणणं असं की मी गिटारी वाजवतो की नुसत्या पुसतो, हे इतक्या वर्षांत तिला कळलेलं नाही. यात तथ्य आहे. मी कानाला हेडफोन लावून वाजवतो, त्यामुळे माझ्या कानात समुद्र आणि घरच्यांच्या कानात नुसतं टकटक.

तर ग्रंथालयाचा वर्धापनदिन होता, आणि प्रमुख म्हणून हिचा पहिलाच मोठा कार्यक्रम. खुर्च्या, पडदे, पाहुणे, सगळं हिच्या डोक्यावर. शेवटी कर्मचारी आणि नेहमीचे वाचक यांच्या बँडची गाणी. त्याच दिवशी सकाळी माझ्याकडे गाल सुजलेला एक माणूस आला. अक्कलदाढ आडवी उगवलेली, खाली पू. मी काढली. फार सुंदर निघाली, मावशी, मुळांसकट! मी त्याला ती दाखवत होतो आणि तो बधिर जिभेने काहीतरी सांगत होता. "शंध्याकाली माजं बेश आए." मला वाटलं, बस आहे. म्हटलं, बस चुकली तर चुकू दे, झोपा. गोळी दिली आणि तो बाकावर जो आडवा झाला तो झालाच. दुपारी हिचा फोन. आमचा पुस्तकं बांधणारा बाइंडर तुमच्याकडे आला होता, त्याला ताबडतोब पाठवा, संध्याकाळी बेस तोच वाजवतो. मी बाकाकडे बघितलं. त्याचा गाल आता उशीएवढा झाला होता आणि तो घोरत होता.

ते मी हिला सांगितलं. मग ही अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही त्याची दाढ काढलीत. आता तुम्हीच वाजवा." आणि लगेच, "येतं ना हो?"

मावशी, हा प्रश्न मला त्या ड्रिलपेक्षा जास्त झोंबला.

मी निळी घेऊन धावत गेलो. सासरेबुवांनाही बरोबर घेतलं, कारण त्यांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं. तू त्यांना हिंडताफिरताना पाहिलं होतंस. जमिनींची मोजणी करत आयुष्यभर उन्हात फिरले, आणि सकाळी दाढी करताना अशी शीळ घालायचे की खालच्या मजल्यावरचे लोक घड्याळ लावायचे. सासूबाई गेल्या, मागोमाग यांचे कान गेले, आणि शीळ कधी थांबली ते आमच्या लक्षातही आलं नाही. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून असतं. त्यातून सगळी माणसं चमचे आपटल्यासारखी बोलतात म्हणे. तर त्यांना कुठे बसवायचं? पुढची एकच खुर्ची रिकामी होती, माझ्या स्पीकरला अगदी चिकटून. यांना काय फरक पडतो, म्हणून तिथे बसवलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मावशी, काय सांगू! मी डोळे मिटले. बोटं आपोआप चालत होती. मी डुलत होतो, मान हलवत होतो, एका ठिकाणी तर मी गुडघ्यातून वाकलो (तू नको करूस). गाणं संपलं, टाळ्या पडल्या, पहिल्या रांगेतल्या बाई "वा!" म्हणाल्या. मी मान लववून नमस्कार केला. तेवढ्यात ड्रमवर बसलेला आमचा पोस्टमन पुढे वाकला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कधी सुरू करताय?"

खाली बघतो तर स्पीकरच्या वायरचं टोक जमिनीवर. मी अख्खं गाणं मुक्याने वाजवलं होतं आणि सभागृहात एकालाही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं! बेस वाजवणाऱ्याच्या नशिबी हेच असतं. मी खाली वाकणार, तोवर वायर पुन्हा जागेवर गेलेली. पडद्याआडून कुणी भल्या माणसाने लावली असावी. तो कोण, ते कळलं तर त्याचे दात फुकट साफ करून देईन.

दुसऱ्या गाण्याचा पहिला सूर मी छेडला आणि पुस्तकांच्या कपाटांच्या काचा थरारल्या. 'शांतता राखा' ही पाटी एका खिळ्यावर लोंबकळू लागली. आणि सासरेबुवा दचकले. त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे दाबले. खाली, लाकडी जमिनीकडे बघितलं. मग त्यांचा उजवा पाय हलला. मला वाटलं, गोळा आला पायात. पण नाही गं, तो ठेक्यात हलत होता! मी जरा थांबलो, पाय थांबला. मी पुढे गेलो, पाय पुढे. ते उठले, सगळ्यांसमोर स्पीकरपाशी गेले, त्याच्या अंगावर पंजा ठेवला, एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि शीळ घालायला लागले. सूर पार गाण्याबाहेर. पण ताल? सुईच्या टोकावर! लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. गाणं कुठे संपवायचं हे मला आठवेना, म्हणून आम्ही ते संपवलंच नाही, फिरवत राहिलो, आणि पोस्टमन घामाने निथळत "अजून?" असं डोळ्यांनी विचारत होता. मी हिच्याकडे बघितलं. ती दाराशी पाहुण्यांचे हार हातात घेऊन उभी होती, आणि पाहुण्यांना ते घालायचे आहेत हे पूर्ण विसरली होती.

घरी येताना सासरेबुवांनी विचारलं, "उद्या परत आहे का?"

आता रोज संध्याकाळी ते स्पीकरला पाठ टेकून बसतात आणि मी हेडफोनशिवाय वाजवतो. बाइंडरही बरा आहे, गाल उतरला, भात खातो.  आणि काल दवाखान्यातून आलो तर हिने आपल्या वडिलांच्या खोलीतली एक भिंत मोकळी केलेली, आणि सुतार खुंट्या ठोकत होता. मावशी, मला माणसाच्या तोंडात शब्द कुठे अडकतात हे रोज बघायला मिळतं, पण स्वतःचे अडकले तेव्हा काय करावं ते सुचेना. मी सुताराला चहा दिला.

तुझा,
भाचा

ता.क. भिंतीवर एक खुंटी जास्त झाली आहे. तुझ्या शेजारचे ते लग्नांत वाजवणारे काका त्यांची सहा तारांची बेस काढून टाकताहेत, असं तूच बोलता बोलता म्हणालीस. कवळीला येशील तेव्हा घेऊन ये. हिने विचारलं तर सांग, तुझी आहे.

ता.क. २. तू वाजवतेस हे पटणार नाही असं वाटलं, तर सांग की गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलंय. मी डॉक्टरच आहे.

ता.क. ३. मावशी, नमस्कार. अक्षर बदललंय ते ओळखलंच असेल. ह्यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, आणि पाकीट उघडं होतं. पहिल्या गाण्याला ती वायर मीच काढली होती. एवढे पाहुणे, आणि ह्यांचं वाजवणं मी कधी ऐकलेलं नाही. म्हटलं, बोटं हलवू देत, कार्यक्रम तर नीट होईल. पण त्यांनी डोळे मिटले आणि असे काही खुलले, की मला बघवेना. मग मीच गेले आणि परत लावली. हे त्यांना सांगू नका, त्या भल्या माणसाला शोधण्यात त्यांचा वेळ बरा जातोय. सहा तारांची जरूर आणा, तुमची म्हणूनच आणा. फक्त परत जाताना ती घेऊन जा, आणि जमलं तर डावखुरीही न्या.