पिठल्यातलं मीठ

चिरंजीव काकासाहेबास,
आईचा पोटभर आशीर्वाद.

केमो चालू आहे, मी ठीक आहे. केस गेले, विंचरायचं काम वाचलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई हे लिहून घेतायत.

तुझी बायको तनुजा माझं लई करते. जन्मभर मी तिच्या पिठल्याला नावं ठेवली. काल मात्र वाटी पुसून खाल्ली, म्हटलं, "आज झकास जमलंय गं!" ती हरखली. मग तिनं घास घेतला अन् रडायलाच लागली. जागून जागून बिचारीनं मीठ दोनदा घातलं होतं. मला कसलीच चव लागली नव्हती.

पोरं नीट जेवतात ना?

तिला दोन दिवस माहेरी वैजापूरला ने, निजू दे.

अन् मी पुन्हा तिच्या पिठल्याला नावं ठेवली, तर त्या दिवशी पेढे वाट.

तुझी टकली आई